उलटा टाटा

परवा नांदूरघाटच्या बाजारात सीताफळं दिसली आणि मी रस्त्यातच थांबले. मागून एक मोटारसायकलवाला वरडला, "ओ ताई, झोपल्या का उभ्या उभ्या?" झोपले नव्हते हो. उलट इतकी जागी झालते की काय सांगू! टोपलीत खाली लिंबाचा पाला, वर फळांची रास, आणि मधल्या काही फळांचे डोळे उघडलेले. सीताफळ पिकायला आलं की त्याचे डोळे उघडतात, आमच्याकडं असंच म्हणतात. टोपलीच्या पलीकडं, पंक्चरच्या दुकानापुढं, एक ट्रॅक्टर उभा. मागं ट्रॉल्या. ट्रॉलीत उलटी बाज, पत्र्याची पेटी, सरपणाचा भारा, एक शेळी आणि शेळीला धरून बसलेली म्हातारी. आमच्या भागात हे दोन्ही एकाच वेळेला येतं. सीताफळं डोंगरावरून खाली उतरतात आणि माणसं गावातून बाहेर पडतात. दसरा झाला की ऊस तोडायला. कुणी कोल्हापूरकडं, कुणी पार कर्नाटकात.

सगळ्यांना हा वास गोड लागतो. मला सीताफळाचा वास आला की कुणीतरी आपल्याला फसवतंय असं वाटतं. हसू नका, खरंच वाटतं.

थांबा, मी एकदम सगळं ओतायला लागले. माझं असंच आहे, बोटं पुढं पळतात आणि डोकं मागून येतं. नीट सांगते.

माझा भाऊ, दादा, आणि वहिनी दर साली ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. म्हणजे आमच्या घरातून एक कोयता जातो, असं मुकादम म्हणतो. माणसं दोन, नाव हत्याराचं. ज्या सालाची मी गोष्ट सांगतेय त्या साली त्यांचा गोट्या नुकता भिंत धरून उभा राहायला लागला होता. गोरा नाही, गुटगुटीत नाही, पण डोळे असे की समोरच्याचं सगळं पिऊन घेईल. बोलत मात्र काही नव्हता. ब नाही, म नाही. नुसतं बघायचा.

पोळ्याचा दिवस होता. दादा बैलांची शिंगं रंगवून आलता, बोटं लाल-हिरवी, तशाच बोटांनी पुरणपोळी मोडत होता. आई तव्यापाशी. आणि वहिनी, जी जेवताना कधी तोंडातून शब्द काढत नाही, ती एकदम म्हणाली, "ह्या खेपी लेकराला न्हाई नेत म्या. ताईजवळ ठिवते."

दादानं घास तसाच धरला. "ऱ्हाईल का तुझ्याबिगर?"

"ऱ्हाईल. ताई बोलतेत त्याच्यासंगं. तिथं कोण बोलतंय?"

तिथं म्हणजे उसाच्या फडात. मी लहानपणी आईसोबत गेलेय, मला माहितीय. पहाटे लेकरू साडीच्या झोळीत बांधायचं नाहीतर बांधावर पोत्यावर बसवायचं, आणि आईबाप दिवसभर वाकलेले. लेकराला ऐकू काय येतं? कोयत्याचा खच्च. पाचटाची खसखस. लांबून मुकादमाच्या शिव्या. संध्याकाळी कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, आल्यावर आईच्या अंगात जीव नसतो, तोंडात शब्द कुठून असणार?

तर वहिनी असं म्हणाली. सगळ्यांसमोर. स्वतःहून! मी केजला बालवाडीच्या बाईचा कोर्स करत होते आणि नेमकं तेव्हाच आमच्या मॅडम शिकवत होत्या की लेकरू बोलायच्या कितीतरी आधी बोलत असतं. डोळ्यानं, हातानं, अंगानं. आपण त्याला उत्तर दिलं की मग त्याच्या ध्यानात येतं, अरे, मी काहीतरी केलं की समोरून काहीतरी येतं. तिथून शब्द सुरू होतो. मी वहीत लिहून घेतलं नाही, मी थेट घरी पळत आले. माझ्याकडं आख्खं एक लेकरू होतं!

काय दिवस होते ते! सोयाबीनची काढणी चालू, सगळ्या गल्लीत धूळ, मळणीयंत्राचा घरघराट, आणि त्या घरघराटाच्या वर माझा आवाज. अंघोळीला, "आता पाणी. गरम पाणी. हा हात. आता कुठला? हा हात." शेळीपाशी, "शेळी काय खाते? पाला खाते." गोट्या जिकडं बघेल तिकडचं नाव घ्यायचं, आपल्याला वाटेल त्याचं नाही. तो पत्र्यावरच्या चिमणीकडं बघतोय आणि आपण त्याच्या तोंडापुढं चेंडू नाचवतोय, असं नाही करायचं. ती चिमणीच सांगायची. त्याच्या उंचीला बसून, तोंड त्याला दिसेल असं.

आणि सगळ्यात अवघड काय माहितीय? थांबायचं. बोलून झालं की गप बसायचं आणि लेकराला त्याचा नंबर द्यायचा. मी! मी गप! दादा म्हणायचा, "मॅडमला म्हणावं, लेकराचं जाऊ द्या, आमची पूजी गप बसली हेच लई झालं."

वहिनी भाकरी थापायला बसली की मी गोट्याला मांडीवर घेऊन समोर बसायचे. थाप थाप थाप. मग मी वहिनीला डोळ्यानं खुणवायचे, ती हात वर धरून थांबायची. गोट्या बघायचा. परातीकडं, वहिनीच्या हाताकडं. वाट बघायचा. आणि मग आपला इवलासा पंजा माझ्या गुडघ्यावर आपटायचा. थाप! की वहिनीचे हात लगेच परातीवर, थाप थाप थाप. पुन्हा थांबायचं. पुन्हा तो आपटायचा. तव्यावरची भाकरी करपायची आणि आई वरडायची, "अगं माय, काय खेळ मांडलाय चुलीपुढं!" वहिनी हसायची. पीठ लागलेल्या मनगटानं डोळ्यावरचे केस मागं सारत हसायची. ते हसू खोटं नव्हतं. त्याचाच मला जास्त राग येतो.

शेजारच्या कौसाकाकीला मात्र दम नव्हता. ती रोज दारातून विचारायची, "बोललं का गं मुकं?"

"काकी, मुकं म्हणू नका. तो बोलतोय."

"कुटं? मला न्हाई आलं ऐकाया."

"तुम्ही बोलायच्या थांबल्या तर ऐकू येईल ना."

एकदा ती पेरू घेऊन आली. राघूनं टोचलेला. आमच्याकडं असं आहे, लेकरू बोलत नसलं की त्याला राघूचं उष्टं चारायचं, म्हणजे राघूसारखं बोलतं. आईनं तो गुपचूप पदराखाली घेतला. मी बघितलं. राघूची चोच कुठं कुठं जाते, आणि हे लेकराच्या तोंडात? मी पेरू हिसकला आणि लेकराच्या हाती लागू नये म्हणून, आता काय करावं कळेना, स्वतःच खाऊन टाकला. आख्खा. कौसाकाकी कपाळाला हात लावून बसली. "आगं आधीच हिचं तोंड मिटत न्हाई, त्यात राघूचं उष्टं खाल्लं! आता गावानं जावं कुटं?" वहिनी हसून हसून भिंतीला टेकली होती. गोट्या पण हसला, सगळे हसले म्हणून.

आणि सीताफळं. रोज संध्याकाळी मी एक सीताफळ फोडायचे. बी लेकराच्या घशात जाऊ नये म्हणून गर बोटांनी चिवडून, एकेक बी बाजूला काढून, मग घास. प्रत्येक बी त्याला दाखवायचे. काळी, चकचकीत. "बी." मग ताटलीत टाकायची, टण्. "बी." टण्. नंतर बी हातात धरून नुसती थांबायचे. तो बीकडं बघायचा, मग माझ्या तोंडाकडं. माझे ओठ मिटले की त्याचे ओठ मिटायचे. असे घट्ट मिटायचे की गालाला खळी पडायची. ब यायला फक्त ओठ उघडायचे बाकी होते. आवाज त्याच्या ओठांच्या आत येऊन बसलाय, मला दिसायचा हो तो! उद्या येतोय. परवा नक्की.

त्याच दिवसांत त्यानं एक गंमत सुरू केली. मी केजवरून आले, दारात चप्पल काढली, की हा माझ्याकडं बघून हात वर करायचा आणि मूठ उघडझाप करायचा. टाटा! मी येतेय आणि हा मला टाटा करतोय! मी खुळ्यासारखी हसायचे. "अरे उलट्या, येणाऱ्याला या म्हणतात, जाणाऱ्याला टाटा!" मग मी बाहेर जाऊन पुन्हा आत यायचे. पुन्हा टाटा. खुणा यायला लागल्या म्हणजे शब्द दारात आला, मॅडमनी सांगितलंच होतं. मी व्हिडिओ काढला, स्टेटसला ठेवला, वर लिहिलं, आमचा उलटा पाहुणा. वर्गातल्या सगळ्या पोरींनी बदाम पाठवले.

मग माझी प्रॅक्टिकलची परीक्षा आली. अंबाजोगाईला. जाऊन-येऊन जमणार नाही म्हणून तिथून जवळच्या घाटनांदूरला मावशीकडं राहायचं ठरलं. निघताना मी कच्ची सीताफळं गव्हाच्या भुशात घातली, मी येईपर्यंत पिकतील अशी. वहिनीला म्हणलं, "फोडू नको गं, आल्यावर मीच देते त्याला." ती म्हणाली, "बरं ताई." गोट्यानं टाटा केला. त्या दिवशी सुलटा.

मी परत आले तेव्हा आढ्याला गोट्याची झोळी नव्हती. नुसती दोरीची गाठ. ती पण अर्धी सुटलेली. चुलीपुढची वहिनीची परात नव्हती. आई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, आणि तिनं मान वर केली नाही.

"गेले?"

"गेले. लवकर आला ट्रॅक्टर."

"गोट्या कुठंय?"

आईनं एक खडा उचलून अंगणात फेकला. मग दुसरा. मला तिच्या हातावरूनच कळलं.

"तुला ठाव होतं?"

"व्हतं."

"कधीपास्नं?"

"घटस्थापनेच्या आधीपास्नं."

"मग मला कावून नाही सांगितलं?"

"तुझा पेपर व्हता."

पेपर! मी इतकी वरडले की शेळी बिथरली. कौसाकाकी दारात आली आणि तिला बघून मला अजून एक गोष्ट कळली. तिला पण माहीत होतं. जिच्या पोटात सकाळची गोष्ट दुपारपर्यंत राहत नाही त्या बाईनं माझ्यापासून हे एवढं दिवस पोटात ठेवलं! तीच म्हणाली, समजूत घालायला म्हणून, "आगं रडू नको. लेकरू हसत गेलं. चांगली सवय लावली हुती की तुझ्या वहिनीनं. रोज तुझ्या वढणीपुढं हुबा करायची, त्या खुंटीपशी, आन म्हणायची, आत्याला टाटा कर, आपुन जायचंय, आत्याला टाटा कर."

माझी ओढणी खुंटीलाच होती. निळी.

म्हणजे उलटं कुणी नव्हतं. त्या घरात आई, दादा, वहिनी, दारातली काकी, सगळ्यांना चांगली घडघडीत बोलायला येणारी तोंडं. कुणी उघडलं नाही. आणि ज्याला एक अक्षर येत नव्हतं तो रोज दारात मला सांगत होता. हातानं. आत्या, टाटा. आत्या, मी चाललो. रोज. आणि मी त्याला हसत होते, स्टेटसला ठेवत होते.

तो व्हिडिओ मी नंतर इतक्यांदा बघितला की त्यातला कोपरा न् कोपरा पाठ झाला. पुढं गोट्या, मूठ उघडझाप. मागं चुलीचा धूर. आणि धुरात वहिनी. माझं हसणं ऐकू येतं तेव्हा ती मान फिरवते. आधी मला वाटायचं धूर डोळ्यात गेला असंल.

भुशातली सीताफळं पिकली. डोळे उघडून तशीच पडली. भुसा ओला झाला, मुंग्या लागल्या, वास सगळ्या घरात. आई म्हणाली, खा तरी. मी एकेक नेऊन शेळीला घातलं. शेळीनं बिया कराकरा चावल्या. टण् आवाज कसला नाही.

मी संक्रांतीपर्यंत तिकडच्या फोनला हात लावला नाही. दादानं फोन केला की मी परसात. शेवटी संक्रांतीला आईनं मला धरूनच फोन कानाला लावला, "तिळगूळ घ्या म्हण, गोड बोला म्हण." मी म्हणलं, "घे. गोड बोलता येतं तुम्हाला, कडूच बोलता येत नाही." दादा म्हणाला, "पूजे, तुझ्या वहिनीला देतो," आणि पळाला.

फोनमध्ये नुसता वारा. मग वहिनी. "रागावल्या का अजून, ताई?"

"पोळ्याला तू सगळ्यांसमोर बोललीस."

"बोलले."

"खोटं बोललीस."

"तवा खरं व्हतं." लांब कुठंतरी ट्रक गेला. "मंग तुमी त्याला शिकवाया लागल्या. तुमच्या तोंडाकडं बघून त्यो व्हट दाबायचा. म्या चुलीपुढून बघत व्हते ना. आज बोलंल, उंद्या बोलंल. आन तवा म्या कुटं? उसात. लेकराचं पयलं बोलणं म्या फोनात ऐकू व्हय, ताई?"

"मग मला सांगायचं होतंस हे."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी बोलून बोलून मला हो म्हणाया लावलं असतं. तुमच्या बोलण्यापुढं माझं काय चालतंय? म्हणून न्हाई बोलले."

मी हळूच विचारलं, "बोलला का तो?"

"बोलला."

"काय म्हणला?"

वारा. वाऱ्यात गोट्याचा आवाज आल्यासारखा वाटला, का दुसऱ्याच कुणाच्या लेकराचा होता.

"ऱ्हाऊ द्या ताई," वहिनी म्हणाली. "तेवढं माझ्यापशी ऱ्हाऊ द्या."

आजपर्यंत मला माहीत नाही त्याचा पहिला शब्द काय होता. आई होता, ऊस होता, का बी होता. बी असला तर? ह्या एका प्रश्नानं मला कधी कधी कामात असताना मध्येच गाठलंय. वहिनीचं सगळं पटतं बरं का. आपलं लेकरू आपल्यासमोर बोलावं, ह्यात काय चूक? तिच्या जागी मी असते तर मीही उचलून नेलं असतं. पण पटलं की राग जातो असं कुणी सांगितलं? ती लेकराला घेऊन गेली ह्याचा राग नाहीच. माझ्याशी बोलली नाही ह्याचा आहे. आख्ख्या मोसमात मी घराला शिकवत होते की लेकराशी बोला, बोला, सगळं बोला. आणि घर मलाच लेकरागत धरून बसलं होतं. हिच्यापुढं बोलायचं नाही, ही रडंल.

पाडव्यानंतर टोळी परत आली. गोट्या उन्हानं काळा झालता, पायात मोठे बूट, आणि तोंडात शब्दच शब्द. पाणी, बैल, ट्याक्टर, चल. त्यात काही कानडी पण, शेजारच्या कोपीतल्या पोरीनं शिकवलेले. मी दारात उभी. त्यानं मला बघितलं आणि वहिनीच्या पदरामागं गेला. टाटासुद्धा नाही केला. ओळखलंच नाही ना. वहिनी म्हणाली, "आत्या हाय, जा की." मी म्हणलं, "राहू दे. त्याला त्याचा वेळ घेऊ दे." मॅडमनी असंच सांगितलं होतं.

आता गोट्या इतका बोलतो की दादा म्हणतो, राघूचं उष्टं तू खाल्लंस आणि उतरलं ह्याला. दिवसभर कावून, कावून, कावून. शेळीला शिंगं कावून. आजीला दात न्हाईत कावून. मी गावातल्याच एका बालवाडीत शिकवते. आणि आमच्या घरात आता चिमी आहे, गोट्याची बहीण, नुकती रांगायला लागलेली, डोळे तेच, सगळं पिऊन घेणारे. यंदाच्या पोळ्याला वहिनी पुन्हा म्हणाली. "चिमीला ठिवते तुमच्याजवळ. ह्या खेपी खरंच, ताई." दादा पुरणपोळीकडं बघत होता. मी ताट उचलून मोरीत नेलं. पण दुसऱ्या दिवसापासून चिमीशी बोलायला लागले. काय करू! लेकरू समोर बसून तोंडाकडं बघायला लागलं की राग लक्षात राहतो, पण तोंड बंद राहत नाही.

तर परवा. बाजारातनं मी सीताफळं घेतली, डोळे उघडलेली निवडून. घरी आले तर सगळे घरातच. आई लसूण सोलत होती. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती, थाप थाप थाप. गोट्या सायकलचा टायर फिरवत होता. चिमी वाकळेवर बसलेली. मी दारात चप्पल काढली आणि म्हणलं, "चिमे, बघ काय आणलंय!"

चिमीनं माझ्याकडं बघितलं. हसली. आणि हात वर केला. मूठ उघडली, मिटली. उघडली, मिटली.

मी खुंटीकडं बघितलं. माझी ओढणी. आता पिवळी आहे.

मग मी गोट्याकडं बघितलं. आमच्या बोलक्या राघूकडं. त्याचा टायर आपोआप भिंतीला जाऊन पडला, आणि त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. डोळे एवढे मोठे. त्याला गप बसायचं कुणीतरी शिकवलं होतं, आणि ते त्याला नीट जमत होतं.

ह्या वेळी मी हसले नाही. चिमीपुढं तिच्या उंचीला बसले. हात वर केला आणि तिला टाटा केला. ती इतकी खुश झाली! दोन्ही पाय वाकळेवर आपटले. सांगितलेलं समोरच्याला कळलं, की लेकरू असंच खुश होतं.

चिमीवरची नजर न काढताच मी म्हणलं, "वहिनी, कवा निघायचं?"

भाकरीचा आवाज थांबला.

मीही थांबले. आता नंबर तिचा होता.